एका कानावर एक कान

भारती वरुटे यांचा आवाज त्यांच्या नवऱ्याला शेवटपर्यंत ऐकू आला नाही.

हे वाक्य इथं नाहीच असं धरून चला. अजून काहीही घडलेलं नाही. सर्जेराव वरुटे अजून ठार बहिरे आहेत आणि त्यामुळं घरात सगळं सुरळीत चाललंय.

इचलकरंजीत ज्यांनी जुन्या मागांच्या शेडमध्ये उमेदीची वर्षं काढली, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. चाळीस माग एकदम चालू असले की धोटा इकडून तिकडं आपटण्याचा असा खडखडाट होतो, की माणसानं कानाशी येऊन बोंब ठोकली तरी ती त्याची त्यालाच परत घेऊन जावी लागते. म्हणून शेडमध्ये कुणी आवाज काढून बोलत नाही. नुसते ओठ हलवतात, सावकाश, जरा जास्तच उघडून, आणि समोरचा ते डोळ्यांनी ऐकतो. सर्जेराव तिथं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. भारती तिथंच कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. त्यांचं लग्न जमलं तेही असंच, आठ मागांच्या अंतरावरून. 'डबा आणलाईस काय?' असं सर्जेराव ओठांनी विचारायचे. 'तुमच्यासाठी न्हाई आणला,' असं ओठांनी सांगून भारती त्यातला अर्धा द्यायची. तीन महिने हे चाललं. बोलणीच्या वेळी मावशीनं विचारलं, पोराचा आवाज कसा आहे गं, तेव्हा भारतीला उत्तर देता आलं नाही.

पुढं सगळा संसार दोघं तसंच बोलत राहिले. दहा बाय बाराच्या खोलीत आवाज कशाला वाया घालवायचा. त्यामुळं वयाच्या बावन्नाव्या वर्षी सर्जेरावांचे कान पूर्ण गेले, ते घरात कुणालाच कळलं नाही. दीड वर्ष कळलं नाही. खुद्द सर्जेरावांना वाटलं की गावातले माग बंद पडलेत. माग खरोखरच बंद पडत होते, बिनधोट्याचे नवे येत होते, म्हणून कुणी त्यांना खोडून काढलं नाही. शेवटी मुलगी तेजू सांगलीहून सुट्टीला आली. तिनं मागून चार हाका मारल्या आणि मग हातातली परात फरशीवर सोडून दिली. परात गरगरत राहिली, सर्जेराव पेपर वाचत राहिले.

"आई, बाबांना ऐकू येत न्हाई."

"काय तरीच काय," भारती म्हणाली. "सकाळीच भांडलोय आमी."

कान गेल्यावर एक मात्र झालं. भारती घरात जिकडं जाईल तिकडं सर्जेरावांची मान वळायची. ती चुलीशी गेली की चुलीकडं, दारात गेली की दाराकडं. न जाणो, ही काही बोलली तर. शेजारणी चेष्टा करायच्या, "भारतीवैनी, म्हातारपणी बरं लक्ष आहे हो." भारती वरवर लाजायची. आतून तिला वाटायचं, बहिरेपण इतकं काही वाईट नाही.

पण माणसाला चांगल्या गोष्टीची कल्पना सुचते आणि तिथून त्याचं नशीब फिरतं.

शेड सुटल्यावर भारतीनं भडंगाचा धंदा सुरू केला होता. महिला उद्योजकांच्या मेळाव्यात तिला खुर्ची मिळाली तिसऱ्या रांगेत, आणि व्यासपीठावर होता 'सहश्रवण' या कृत्रिम कान बनवणाऱ्या कंपनीचा मालक. तिशीतला, पांढऱ्या बुटांचा. तो म्हणाला, "नफा आणि दान यांच्यात भांडण आहे, असं तुम्हांला शिकवलंय. आम्ही त्यांचं लग्न लावलं. एक कान विकू, एक कान देऊ." पुढच्या पडद्यावर एक म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा नातवाचं हसू ऐकत होती. भारतीच्या शेजारची बाई पदराला डोळे पुसू लागली. भारती मात्र हिशेब करत होती, तोही भडंगाचा नव्हे. कुणी एक श्रीमंत माणूस ऐकायला लागला की तिकडं कुणीतरी एक गरीब माणूस ऐकायला लागतो. जगात इतकी साधी गोष्ट असेल असं तिला वाटलं नव्हतं.

घरी आल्या आल्या तिनं सर्जेरावांना ओठांनी सांगितलं, "आपण बी करायचं. एका पुड्यावर एक पुडा. एक गिऱ्हाइकाला, एक अंगणवाडीला."

"आणि खायाचं काय आपण?"

"भडंग."

विक्री खरंच वाढली. दान करणाऱ्याकडून विकत घेतलं की घेणाऱ्यालाही दान केल्यासारखं वाटतं, आणि तोंडही चालू राहतं. गोंधळ झाला तो पुढं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून 'तिखटजाळ'च्या चाळीस पुड्यांची ऑर्डर आली. भारतीनं नियमाप्रमाणं त्याच कढईतले चाळीस पुडे अंगणवाडीला पाठवले. दुसऱ्या दिवशी सेविका दारात हजर.

"वैनी, पोरं रडालीत."

"किती जण?"

"सगळी. दोघं तर पुडा बघूनच रडालीत."

मग भारती स्वतः अंगणवाडीत गेली, खाली बसली आणि पोरांना एकेक करून विचारलं. मिरची नको, लसूण कमी, शेंगदाणे जास्त. एका मुलीला भडंगच नको होतं, तिला केळं हवं होतं. भारतीनं केळं दिलं. ज्याला द्यायचं त्याला विचारायचं, ही गोष्ट इतकी बारकी होती की एवढ्या मोठ्या कंपनीला ती माहीत असणारच, असं धरून तिनं सर्जेरावांचा अर्ज भरला.

सहश्रवणचं तंत्र खरोखर चांगलं होतं. कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजानं त्या डोलतात आणि मेंदूकडं विजेचा इशारा जातो. मागांच्या खडखडाटात त्या कायमच्या झडतात, माणसात पुन्हा उगवत नाहीत. जुन्या पद्धतीत नळीत वीस-बावीस विजेचे बिंदू बसवत. म्हणजे अख्खं जग बावीस पट्ट्यांच्या पेटीवर वाजवायचं. सहश्रवणनं वीज सोडून उजेड धरला. एका निरुपद्रवी विषाणूबरोबर कानाच्या नसेत असं जनुक सोडायचं, की ती नसच प्रकाशाला संवेदनशील होते, आणि मग केसाएवढ्या तंतूवर हजारभर दिवे. उजेड विजेसारखा आजूबाजूला सांडत नाही, त्यामुळं सूर वेगवेगळे राहतात.

अडचण एवढीच, की कोणता दिवा म्हणजे कोणता आवाज, हे मेंदूला शिकावं लागतं. त्यासाठी एक औषध देतात, त्यानं मेंदूची शिकण्याची खिडकी एकशे ऐंशी दिवस उघडी राहते. आयुष्यात एकदाच. या काळात यंत्रही माणसाकडून शिकतं. याला काय ऐकायला आवडतं, ते उचलायचं. काय नकोय, ते दाबायचं. यातून त्या माणसाचा असा ऐकण्याचा नकाशा तयार होतो. नकाशा बनवायला तज्ज्ञ लागतात, महिने लागतात, म्हणून तो महाग. आणि इथंच पांढऱ्या बुटांच्या मालकाची खरी हुशारी होती. नकाशा एकदाच बनवायचा, ग्राहकाच्या कानात, आणि ज्याची नस त्याच्या नसेशी सर्वांत जास्त जुळते अशा एखाद्या गरिबाच्या कानात तोच लावायचा. ग्राहकानं काही बदललं की त्याच क्षणी गरिबाकडंही बदलतं. दुसऱ्या कानाला वेगळा खर्चच नाही. दान फुकटात पडतं, आणि म्हणून भरपूर करता येतं.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली त्या दिवशी सर्जेराव दवाखान्याच्या कॉटवर बसले होते, भारती डावीकडं, तेजू उजवीकडं.

"बाबा," तेजू म्हणाली.

सर्जेराव दचकले. मग त्यांचा चेहरा असा झाला की नर्सनं तोंड फिरवलं. "हिचा आवाज आता असा झालाय व्हय?" ते भारतीला म्हणाले. "आईशप्पत. किती गोड हाय गं."

भारतीही काहीतरी म्हणाली. सर्जेराव तिच्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "आता काढ की आवाज. शेडमध्ये न्हाईस तू."

पहिले महिने सगळं जग त्यांच्यावर कोसळलं. फोडणी, झाडू, स्वतःची चप्पल. पक्षी तर विशेष. आयुष्यात ज्या माणसानं कावळा आणि कोंबडा यांपलीकडं काही ओळखलं नव्हतं, तो पहाटे अंगणात उभा राहून सांगू लागला, "ह्यो एक येगळाच हाय. शेवटाला वळण घेतोय बघ." फक्त भारतीचा आवाज येत नव्हता.

याचं कारण सगळ्यांना पटकन सापडलं. तीस वर्षांची सवय. भारती बोलतच नाही, नुसती ओठ हलवते.

"बोलालीस का नुसतं तोंड हलवालीस?" सर्जेराव विचारायचे.

"बोलतोय की!" भारती ओरडायची. शेजारच्या घरातून मांजर पळायचं, आणि सर्जेराव तिच्या हनुवटीकडं बघून म्हणायचे, "बघ, परत तसंच."

तेजूला तिचा आवाज ऐकू येत होता, पण बारीक आहे असं तिलाही वाटलं. भारतीला मिरजेच्या घशाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी व्यायाम दिले. ती रोज सकाळी भिंतीकडं तोंड करून 'आ' आणि 'ई' म्हणायची. हळदीचं दूध प्यायली, ओव्याची वाफ घेतली. चूक आपल्याच घशाची, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. ज्यांनी फुकट कान दिला, ते कशाला चुकतील? आवाज मोठा करण्याच्या नादात एकशे ऐंशी दिवस सरले आणि खिडकी बंद झाली.

त्या काळात दुसरी एक गोष्ट झाली, ती फक्त भारतीला दिसली. सर्जेरावांची मान वळायची थांबली. गरजच राहिली नव्हती. कुणी बोललं तर ऐकू येतंच की. ते अंगणात पक्षी ऐकत बसायचे, ती दारातून जेवायला बोलवायची, आणि ते पाठमोरेच राहायचे. मग ती जवळ जाऊन खांद्याला हात लावायची. भारती आता आपल्या घरातली अशी एकच व्यक्ती होती, जिला बोलण्यासाठी चालत जावं लागे.

एका संध्याकाळी सर्जेरावांनी यंत्राचा कानामागचा तुकडा काढून ठेवला आणि समोर बसले. "बोल. पयल्यासारखं."

ती बोलली. त्यांनी डोळे बारीक केले. "शेंगा?... सून?... परत बोल." ओठ वाचण्याची विद्याही गंजते, सहा महिन्यांत ती गेली होती. तिसऱ्यांदा भारतीनं तुकडा उचलून स्वतःच त्यांच्या कानामागं लावला.

मग तेजूनं फोनवर एक ॲप घातलं. आईनं बोलायचं आणि फोन तेच दुसऱ्या आवाजात बोलणार. भारती म्हणाली, "अवो, जेवायला चला." फोन बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाला, "अवो, जेवायला चला." सर्जेराव ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "आलो आलो, मॅडम." भारतीनं तो फोन पिठाच्या डब्यात पुरला.

त्यानंतर तेजूला शंका आली, आणि तिघं कोल्हापूरच्या कार्यालयात गेले.

काउंटरवर मिहिर नावाचा तरुण होता. त्याचं स्मित आधीपासून चालू होतं. "आपल्या कृतज्ञतेबद्दल आम्ही आभारी आहोत," तो म्हणाला.

"तक्रार करायचीय," तेजू म्हणाली.

"तक्रार ग्राहक करतात, मॅम. लाभार्थी कृतज्ञता व्यक्त करतात. त्याचा फॉर्म हिरवा आहे."

शेवटी त्यानं भारतीला माइकसमोर दोन वाक्यं बोलायला लावली आणि पडद्याकडं बघून म्हणाला, "अच्छा. तुम्ही वर्ग एकेचाळीस आहात." माणसांच्या आवाजांचे कंपनीनं चौसष्ट वर्ग पाडले होते. स्वर, नाकातला भाग, घशातली किंचित खर, असं बघून. सर्जेरावांच्या नकाशात वर्ग एकेचाळीस दाबलेला होता. पूर्ण. शून्यावर.

"कुणी दाबला?" भारतीनं विचारलं.

"दाता-ग्राहकांनी. त्यांची निवड असते."

"मग आमच्यापुरता उघडा."

"नकाशा एकच आहे, मॅम. तुमच्याकडं त्याची सावली आहे. सावलीला वेगळं हलवता येत नाही."

"दुसऱ्या कुणाचा नकाशा लावा."

"खिडकी बंद झालीय. आता दुसरा लावला तर त्यांना भांडी पडल्यासारखं ऐकू येईल. कायम." तो अजून हसतच होता, पण जरा कमी. "दाबणं घरून करता येतं, फोनवर. उघडायला मात्र ग्राहकाला समक्ष यावं लागतं. तो आवाज ऐकवून चाचणी असते ना. आणि ग्राहकांचं नाव आम्ही सांगू शकत नाही."

"म्हणजे काहीच होऊ शकत नाही?" तेजू म्हणाली.

मिहिरनं इकडं तिकडं बघितलं आणि हिरवा फॉर्म पुढं सरकवला. "कृतज्ञता भेट घेता येते. फोटो काढायला कंपनीचा माणूस येतो. आभार मानायचे असतील तर पत्ता मिळतो."

म्हणून ज्याच्याबद्दल तक्रार होती, त्याचे आभार मानायला वरुटे कुटुंब पुण्याला गेलं.

अनंत दाबके पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंच आणि किंचित वाकलेले. त्यांनी स्वतः दार उघडलं, स्वतः खुर्च्या मांडल्या. फोटोवाला कोपऱ्यात उभा राहिला. सर्जेरावांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "तुमच्यामुळं मी ऐकतोय, सायेब," आणि ते खरंच असल्यामुळं पुन्हा एकदा म्हटलं. दाबके ओशाळून म्हणाले, "अहो, मी काही केलं नाही. मी फक्त विकत घेतला."

तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी वाजलं. भारतीला, तेजूला काही कळलं नाही. पण दोन्ही पुरुषांच्या माना एकाच क्षणी, एकाच कोनात वळल्या.

"शेवटाला वळण घेतोय त्यो," सर्जेराव म्हणाले.

"कोतवाल!" दाबके म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "तुम्हांला येतो ऐकू? अहो, मी चाळीस वर्षं पक्षी ऐकत हिंडलोय. तुमच्याकडंही आलं का ते? वा!"

मग दोघं जुळ्या भावांसारखे बोलत सुटले. दोघांना वर्तमानपत्राची घडी उलगडल्याचा आवाज आवडत होता. दोघांना मिक्सर आवडत नव्हता. फोटोवाल्याला हवं होतं त्याहून जास्त मिळत होतं. मधल्या खुर्चीत भारती बसली होती. तिनं घसा साफ केला.

"साहेब, मला तुमच्याशी बोलायचंय."

दाबके सर्जेरावांना तांबट पक्ष्याबद्दल सांगत होते.

"साहेब, तुमी माझा आवाज बंद केलाय."

सर्जेराव तांबटावर मान डोलावत होते. भारतीनं एकाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. असं तिला कधीच वाटलं नव्हतं, चाळीस मागांच्या शेडमध्येसुद्धा नाही. तिथं निदान सगळेच बहिरे होते.

"काका," तेजू जोरात म्हणाली, "माझी आई बोलतीय."

दाबके थांबले. त्यांनी भारतीकडं, तिच्या हलणाऱ्या ओठांकडं पाहिलं, आणि त्यांचा रंग उतरला. तेजूनं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी हातातला कप खाली ठेवला, तो बशीच्या कडेवर बसला, ते त्यांना दिसलं नाही.

"मला हे कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "मला कंपनीचं नुसतं कार्ड आलं. तुमच्यामुळं एक माणूस ऐकतो, एवढंच होतं त्यात."

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी बायको गेली, नलिनी. आणि त्यानंतर ती सगळीकडं बोलायला लागली. "बँकेत खिडकीवर नलिनी. स्टेशनवर गाडीची घोषणा नलिनी. राँग नंबर लागला तर पलीकडं नलिनी, 'कोण हवंय आपल्याला?' माणूस गेला की एकदा रडायचं असतं हो. मी दिवसातून पाच-सहा वेळा. एकदा भाजीवालीशी बोलताना रस्त्यात बसलोच खाली. त्या रात्री फोनवर यादीत तिच्यासारख्या आवाजांचा वर्ग शोधला आणि बोट ठेवलं. बस्स. इतकं शांत वाटलं."

कुणी काही बोललं नाही. भारती बोलली, पण ते मोजायचं कारण नाही.

"काय म्हणाल्या त्या?" दाबक्यांनी विचारलं.

तेजूनं सांगितलं, "म्हणाली, तुमी काही मुद्दाम केलं न्हाई. पण मी जितीजागती हाय."

दाबक्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "येतो मी. कार्यालयात जातो. मला थोडे दिवस द्या फक्त." त्यांनी तिथंच फोन लावून वेळ घेतली. तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार, सकाळी अकरा. निरोप घेताना त्यांनी भारतीला हात जोडले आणि तेजूला हळूच विचारलं, "आईचा आवाज कसा आहे गं?"

 आईचा आवाज कसा आहे, हे कुणाला सांगता येतं?

तीन आठवडे भारतीनं पहिलं वाक्य कोणतं बोलायचं यावर घालवले. हे सोपं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याशी बोललेलं पहिलं वाक्य 'गॅस संपलाय' असून चालणार नव्हतं. तिनं कागदावर तीन-चार लिहून पाहिली, पण लिहिल्यावर ती भाषणातल्यासारखी दिसली.

"शिव्या दे सरळ," सर्जेराव म्हणाले. "त्याचा सराव हाय तुला."

गुरुवारी दोघं लवकर आवरून बसले. सर्जेरावांनी खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि तिच्याकडं पाठ करून बसले. "ओठ बघून फसाया नको," ते म्हणाले. "कानानंच आलं पायजे. तू बोलत ऱ्हा. आलं की मी हात वर करतो."

अकराचे ठोके पडले आणि भारती त्यांच्या पाठीशी बोलू लागली. ठरवलेलं सगळं एका मिनिटात संपलं. मग तिनं सुचेल ते सुरू केलं. पहिल्या डब्यात तुमच्यासाठीच वांगं आणलं होतं. तेजूच्या वेळी लई घाबरले होते, सांगितलं नव्हतं. तुमची मान वळायची ते मला आवडायचं. पाठ तशीच राहिली. दम लागला तशी तिनं घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्याच वेळी सर्जेराव न वळता म्हणाले, "न्हाई अजून. सायबांना आत घेतलं नसंल. दम खा जरा. च्या ठेव."

तिनं चहा ठेवला. आलं कुटलं, ते त्यांना ऐकू आलं. "आलं जास्त घाल," ते भिंतीला म्हणाले. चहा करताना भारती बोलत नाही, कधीच नाही. दूध उतू जातं. तिनं दूध सांभाळलं, कप भरला, त्यांच्या हातात नेऊन दिला, पुन्हा मागं येऊन बसली. वीस मिनिटं झाली होती. तिनं परत सुरुवात केली आणि दोन वाजेपर्यंत बोलत राहिली. शेवटी शेवटी ती गॅसच्या पुस्तकातल्या सूचना वाचत होती. सर्जेरावांचा हात वर गेला नाही. मान मात्र हळूहळू खाली गेली.

संध्याकाळी तेजूनं दाबक्यांना फोन लावला.  ते म्हणाले, "माझ्याच्यानं आज झालं नाही, बाळ. आईला सांग, पुढच्या गुरुवारी नक्की. पुढच्या गुरुवारी मी डोळे मिटून बसेन."

पुढच्या गुरुवारच्या आधी सोमवार आला.

पत्र आलं जाड कागदाचं, वर दोन कानांचं चिन्ह. सर्जेराव आणि भारती शेजारी शेजारी बसले, तेजूनं वाचलं. 'आपले दाता-ग्राहक श्री. अनंत दाबके यांचे झोपेत हृदयविकाराने निधन झाल्याचे कळविण्यास खेद होतो. याचा आपल्या श्रवणावर कोणताही परिणाम होणार नाही, याबद्दल निश्चिंत असावे. त्यांचा नकाशा आता कायम करण्यात आला असून, कै. दाबके यांच्या आवडीनिवडी आपल्या कानात आजीवन जपल्या जातील. सोबत शेवटच्या बदलांची नोंद आपल्या माहितीसाठी.'

नोंद दोन ओळींची होती. तेजूनं ती मनात वाचली आणि कागद उलटा ठेवला.

"वाच की," सर्जेराव म्हणाले.

"काही न्हाई त्यात."

"वाच."

तिनं वाचली. गुरुवार. वर्ग ४१ उघडला, ११ वाजून ६ मिनिटे. वर्ग ४१ बंद केला, ग्राहकाच्या विनंतीवरून, ११ वाजून १७ मिनिटे.

सर्जेरावांनी कागद घेतला आणि त्या दोन वेळांवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "च्या मी मागितला." पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले, "मीच मागितला."

भारतीनं काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, डोळे बारीक केले, आणि त्यांना ते वाचता आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं नाही. तिनं कागद-पेन घेतलं.

प्रति,
मा. व्यवस्थापक, सहश्रवण, कोल्हापूर विभाग.

विषय : अकरा मिनिटे परत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे पती श्री. सर्जेराव वरुटे हे आपले लाभार्थी असून, गेल्या आठवड्यातील गुरुवारी सकाळी ११.०६ ते ११.१७ या वेळेत त्यांना माझा आवाज ऐकू येत होता, असे आपल्या नोंदीवरून समजते. सदर वेळेत मी काही बोलले नाही. ती वेळ चालू असल्याची पूर्वसूचना आम्हांस मिळाली नव्हती, त्यामुळे ती वापरली गेली नाही व शिल्लक आहे असे धरण्यात यावे.

कै. दाबके साहेबांना पुन्हा त्रास देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी त्या अकरा मिनिटांत जे ऐकले, ते त्यांच्यासाठी पुष्कळ होते. तरी त्यांचा वर्ग त्यांच्यापुरता बंदच ठेवून, फक्त ती वेळ, ज्या दिवशी ती झाली त्याच दिवशी, आम्हांस पुन्हा देण्यात यावी. सदर कालावधीत अर्जदार चहा ठेवणार नाही, याचे हमीपत्र सोबत जोडले आहे.

पूर्ण अकरा मिनिटे देणे नियमात बसत नसल्यास निदान एक मिनिट मंजूर करावे व तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.